दोन बोटं

मोटारवेड्यांचं एक माप आहे, ते कुठल्याही पट्टीवर सापडत नाही. टायरचा माथा आणि त्यावरची फेंडरची कमान यांच्यामधली मोकळी जागा ही मंडळी बोटांनी मोजतात. चार बोटं सहज आत गेली तर गाडीला जीप म्हणून हिणवायचं. तीन गेली तर गाडी 'कंपनीतून आली तशीच' आहे, म्हणजे मालकाला हौस नाही. दोनच गेली की मालकाला स्वर्गसुद्धा तेवढाच उरतो. एकही बोट जात नाही अशा गाडीचा मालक मात्र सहसा भेटत नाही. तो पार्किंगच्या चढावर अडकलेला असतो.

माझा भाचा तीनावर होता आणि दोनावर यायचं म्हणत होता. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, रंग लाल. घराणं जर्मन, पण जन्म चाकणचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली लेक. मागे डिकी असलेली सभ्य गाडी ती सेडान. आणि सिग्नल हिरवा होताक्षणी जी ही सभ्यता विसरते ती स्पोर्ट सेडान, अशी माझी ढोबळ समजूत आहे.

"तिच्यात कमी काय आहे?" मी विचारलं. मामानं असं विचारायचंच असतं.

"कमी काही नाही रे मामा, जास्त आहे," असं म्हणून तो उकिडवा बसला आणि टायरवरच्या पोकळीत बोटं घालून दाखवू लागला. मलाही घालायला लावली. तोवर मला मोटारीत अशी काही पोकळी असते हेच ठाऊक नव्हतं. एकदा दिसल्यावर मात्र ती पिच्छा सोडीना. सिग्नलला शेजारी गाडी उभी राहिली की तिचा रंग, तिच्यातली माणसं हे सगळं सोडून माझी नजर चाकावरच्या त्या अंधाराकडे जायला लागली. तरुण माणसांशी फार बोलू नये म्हणतात ते यासाठीच असावं.

पोकळी अर्थातच उगाच ठेवलेली नाही. कागदोपत्री या गाडीचं पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर आहे, आणि सेडानच्या मानानं ही उंची भरपूर म्हणायची. आपल्याकडे कंपन्या गाडी बेततात ती आया शाळेचा गणवेश शिवून घेतात तशी, वाढत्या अंगाची. खड्डे, पावसाळा, गतिरोधक, मागच्या सीटवर तीन माणसं, डिकीत तांदळाचा कट्टा, हे सगळं उद्या होणार हे धरून आजच दोन इंच सोडलेले असतात. शिंप्याचं काही चुकत नाही. पण पोराला वर्गात जायचं असतं ते आज, आणि त्या ढगळ चड्डीत.

उपाय दोन, आणि ते जोडीनं करतात. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायच्या, म्हणजे गाडी साधारण पंचवीस ते चाळीस मिलिमीटर खाली बसते. आणि चाकं मोठी करायची, सोळा इंचांची सतरा किंवा अठरा. आयबाख आणि एच अँड आर ही स्प्रिंगांच्या जगातली दोन जर्मन घराणी. भाचा त्यांची नावं आमच्या आजोबांनी किराणा आणि आग्रा ही नावं घेतली असती त्या सुरात घेतो.

"पण हे दिसण्यासाठी नाहीये हां," तो म्हणाला. "हँडलिंगसाठी."

हँडलिंग हे या पंथातलं सोवळं आहे. ते नेसलं की कुठलाही खर्च शुचिर्भूत होतो. आईला, बायकोला, इन्शुरन्सवाल्याला, कुणालाही सांगता येतं: गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कलत नाही, रस्ता धरून राहते, म्हणजे हा बदल मुळात सुरक्षिततेसाठीच आहे. मी आजवर अशी एकही व्यक्ती पाहिली नाही, जिनं सरळ सांगितलं की मला गाडी खाली बसलेली देखणी वाटते, म्हणून मी पैसे घालवले.

पाहिली नाही, पण अशी माणसं होऊन गेली आहेत. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मेक्सिकन वंशाची पोरं जुन्या शेवरले घ्यायची, डिकीत वाळूची पोती टाकून त्या खाली बसवायची आणि रस्त्यावरून हळूहळू, अगदी वरातीच्या चालीनं फिरवायची. ही लोरायडर मंडळी. वळण वेगात घ्यायचं नाही, शर्यत जिंकायची नाही; आपण दिसावं आणि लोकांनी बघावं एवढाच हेतू. १९५८ पासून कॅलिफोर्नियानं कायदाच लागू केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली जाता कामा नये. त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरेनं १९५९ च्या सुमारास आपल्या १९५७ च्या कॉर्वेटला हायड्रॉलिक पंप बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की गाडी खाली. कायद्याला इतकं सविनय उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. तो नियम रद्द व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. त्या पोरांना हँडलिंगचं सोवळं लागलं नाही, म्हणून मला ती आमच्या भाच्यापेक्षा सरळ वाटतात.

कारण हँडलिंगचं प्रकरण तपासायला गेलं की ते हातात फार वेळ टिकत नाही.

स्प्रिंगेचा मूळ कायदा रॉबर्ट हूकचा. शोध कुणी चोरू नये म्हणून त्यानं १६७६ मध्ये तो नुसत्या विस्कटलेल्या अक्षरांच्या रूपात छापला आणि दोन वर्षांनी त्याची उकल सांगितली: जेवढा ताण, तेवढं बळ. आमच्या घराण्यात या नियमाचा पडताळा दर दिवाळीला येतो. मागच्या सीटवर आत्या, मावशी आणि मावशीच्या जाऊबाई बसल्या, डिकीत फराळाचे डबे गेले, की व्हर्टस आपोआप दोन बोटांवर येते. लोअरिंगचा हा सर्वांत स्वस्त प्रकार मी भाच्याला सुचवूनही पाहिला. कायमस्वरूपी जमणार नाही, असं तो म्हणाला.

आखूड स्प्रिंग नुसती आखूड करून भागत नाही. गाडीला खाली-वर व्हायला आता जागाच कमी उरलेली असते, त्यामुळे स्प्रिंग कडकही करावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ती बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आपटेल. कडकपणाचं गणित मोठं तिरपागडं आहे: तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे तो वाढतो. तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. वेढे कमी केले तरी कडकपणा वाढतो, आणि याच आधारावर पूर्वी गल्लीतले कारागीर ग्राइंडर घेऊन मूळ स्प्रिंगेचाच एखादा वेढा उडवून द्यायचे. काही जण गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवायचे. गाडी खाली यायची यात वाद नाही. पोलादाचं पाणी मात्र निघून जायचं.

शिवाय शॉकअपचा प्रश्न राहतोच. उसळलेल्या स्प्रिंगेला आवरणं हे शॉकअपचं काम, आणि कंपनीचा शॉकअप कंपनीच्याच मऊ स्प्रिंगेला आवरायच्या बेतानं घडवलेला. नवी तापट स्प्रिंग आली की सुरुवातीला तो निभावून नेतो, मग थकतो, आणि गाडी हायवेवर एका उंचवट्यानंतर दोन-तीनदा मान डोलावते. "मग कॉइलओव्हर घालू," भाचा म्हणाला. कॉइलओव्हर म्हणजे उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची अख्खी जोडी. या छंदात कुठल्याही अडचणीवरचं उत्तर हे आधीच्या उत्तराच्या दुपटी-तिपटीला असतं.

पण मला खरी मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. वळणावर गाडी ज्या कल्पित बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली तर गुरुत्वमध्य तीस मिलिमीटर खाली येतो, हे खरंच. मात्र बहुतेक सेडानांना पुढे जी मॅकफर्सन पद्धतीची रचना असते, तिच्यात गाडी बसली की खालच्या आर्म्सचा कल बदलतो आणि रोल सेंटर त्याहूनही जास्त खाली घसरतं. म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं, आणि गाडीला कलवणारी तरफ तेच अंतर. थोडक्यात, गाडी जितकी खाली बसते तितकी कलण्याची तिची ओढ वाढते! ती प्रत्यक्षात कमी कलते ती स्प्रिंग कडक आहे म्हणून. खाली आली म्हणून नव्हे. उंची तीच ठेवून नुसती स्प्रिंग कडक केली असती तरी वळणावरचा बराचसा लाभ पदरात पडला असता.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. "पण मग दिसायला..." असं म्हणून त्यानं वाक्य गिळलं. मीही ताणलं नाही.

चाकांकडे वळू. टायरवर जो आकडा लिहिलेला असतो, तो ठरवणाऱ्या बैठकीत कुणाचंच कुणाशी पटलं नसावं. २०५/५५ आर १६: रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि रिम इंचांत. ही बेरीज कागदावर करायला बसलं की सातवीतलं गणिताचं पुस्तक आठवतं, पण ती करण्यासारखी आहे. व्हर्टसच्या मूळ सोळा इंची चाकाचा टायरसकट व्यास येतो सुमारे ६३२ मिलिमीटर. सतरा इंची रिमला २२५/४५ टायर घातला तर ६३४. अठराला २२५/४० घातला तर ६३७. चाक 'मोठं' केलं, दोन इंचांनी मोठं केलं, आणि एकंदर उंची वाढली पाच मिलिमीटर. त्यातली टायरच्या माथ्याला आली जेमतेम निम्मी. स्पीडोमीटर आणि गिअरचं गणित बिघडू नये म्हणून हे असंच करावं लागतं. मोठी चाकं घालून ती पोकळी भरत नाही. अठरा इंचांवर उडी मारणारे बहुतेक जण पहिल्या संध्याकाळी वाकून बोटं घालून बघतात, तर पोकळी होती तिथेच, आणि मगच त्यांना स्प्रिंगा सुचतात.

वाढलं काय, तर धातू. घटलं काय, तर रबर. टायरची भिंत ११३ मिलिमीटरवरून १०१ वर येते, आणि अठरा इंचात ९० वर. या भिंतीत हवा असते, आणि रस्त्याने दिलेला पहिला दणका हीच हवा खाते. ती कमी झाली की दणका रिमला, तिथून शॉकअपला आणि तिथून ताईच्या कंबरेला. (ताई म्हणजे भाच्याची आई. गाडीच्या कर्जाचा पहिला हप्ता भरण्याआधी तिला गाडीत बसवून आणलं होतं, तेव्हा गाडी तीन बोटांवर होती.) पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्याचा अंदाज चुकला की टायरला बाजूनं फुगा येतो नाहीतर रिम वाकते. रिमा सरळ करून देणारे कारागीर पुण्यात आता ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्या दारात सोळा इंची रिम मला फारशी दिसलेली नाही.

मोठं चाक मुळात आलं ते मोठ्या ब्रेकसाठी. शर्यतीच्या गाड्यांना मोठ्या तबकड्या लागायच्या, त्या आत मावाव्यात म्हणून रिम वाढली. रस्त्यावरच्या गाड्यांनी रिम उचलली, तबकडी तिथेच राहिली. व्हर्टसला मागे डिस्क ब्रेक नाहीतच. साधे ड्रम आहेत. अठरा इंचांच्या सडपातळ काड्यांच्या रिममागे तो लहानसा काळा ड्रम जो काही केविलवाणा उघडा पडतो, तो बघवत नाही. मूळच्या चाकात तो बिचारा अब्रूनं झाकून बसलेला होता. काही जण मग त्याला लाल रंग देतात. त्यामुळे तो लाल होतो.

बरं, जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, थांबवायला ब्रेकला. चाकाचं वजन स्प्रिंगेच्या खालच्या बाजूला असल्यामुळे ते रस्त्याबरोबर उड्या मारतं आणि स्प्रिंगेला त्याचा भार हलका करता येत नाही. म्हणून हलकी रिम हवी, आणि हलकी म्हणजे घडीव. बाजारात मिळतात त्या बहुतेक ओतीव. त्यातही नकलांचा सुकाळ. बीबीएस हे रिमांमधलं मोठं नाव १९७० पासूनचं. बाउमगार्टनर आणि ब्रँड या दोन भागीदारांची आणि शिल्टाख या त्यांच्या गावाची आद्याक्षरं मिळून झालेलं. जिथे शिल्टाखचा वारासुद्धा लागलेला नाही अशा कितीतरी रिमांवर ही तीन अक्षरं आज आपल्याकडे झळकतात. तरी भाच्याचं एक मान्य करतो, त्यानं नक्कल घ्यायला साफ नकार दिला. सौंदर्याच्या बाबतीत तो सचोटीचा आहे. फक्त कारणांच्या बाबतीत नाही.

आता गतिरोधक. खाली आणलेल्या गाडीचा हा वैरी, असं सगळे समजतात. पण भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक काढून बघितलं तर वेगळंच चित्र दिसतं: गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, ताशी पंचवीसच्या वेगानं पार करण्याजोगा. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६५ मीटर. दोन्ही चाकं या कमानीवर असताना पोटाखाली फुगवटा येतो फक्त ५२ मिलिमीटरचा. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली, तरी जवळजवळ शंभर मिलिमीटर मोकळे राहतात. आत्या-मावशींसकट ती आरामात पार होईल. पुस्तकातल्या महाराष्ट्रात लोअरिंग स्प्रिंगांना काहीही अडचण नाही.

पुस्तकाबाहेरचा गतिरोधक मात्र रात्रीतून उगवतो. कुणाच्या तरी दारासमोर एक गाडी भरधाव गेली, चार जणांचा संताप झाला, उरलेलं डांबर ओतलं, की झाला तयार: अरुंद, टोकदार आणि रागाच्या उंचीचा. त्याला त्रिज्या नसते. भाच्याला असे सगळे उंचवटे पाठ आहेत. कुठला सरळ घ्यायचा, कुठला तिरका, कुठल्याच्या डाव्या कडेला रिक्षांनी झिजवून वाट केली आहे, हे तो झोपेतही सांगेल. आणि सोसायटीच्या तळघराचा उतार तर याहून खट. तिथं पोट नाही, पुढच्या बंपरची हनुवटी घासते, तीही वॉचमनच्या देखत.

कायद्याचंही एकदा बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेवली. भाच्याच्या पंथात हे कलम सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि त्यावर भाष्यंही बरीच आहेत. पोलीस बघतो ते सायलेन्सर आणि काळ्या काचा, स्प्रिंग कोण वाकून बघतंय, हे त्यांतलं सर्वांत लोकप्रिय भाष्य. मी ते इथे नुसतं नोंदवतो. त्याच्या आधारावर कुणी काही करू नये.

शेवटी तडजोड झाली. चाकं सतरा इंची, अठरा नाही. स्प्रिंगा सर्वांत कमी खाली आणणाऱ्या. रिमचं भोक हबवर नेमकं बसावं म्हणून मध्ये घालायच्या प्लास्टिकच्या कड्या मीच आग्रहानं घ्यायला लावल्या, कारण त्या नसल्या तर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंगला कापरं भरतं असं मला तोवर कळलं होतं. एव्हाना मी पुरता पंथात ओढला गेलो होतो. बसवून झाल्यावर अलाइनमेंट, मग हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घेणं, हेही ओघानं आलंच. चाकाचा कोन बिघडला तर टायर आतल्या कडेनं झिजतो, आणि ती कड दिसत नाही, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं.

गाडी आली. वॉचमन दोनदा फेरी मारून म्हणाला, "दादा, डिकीत काय भरलंय एवढं?" भाचा यावर इतका खूश झाला की त्याला चहा पाजला.

आणि खरं सांगायचं तर गाडी सुरेख दिसत होती. नुसते पंचवीस मिलिमीटर, पण आधी ती रस्त्यावर ठेवलेली वाटायची, आता रस्त्यावर बसलेली वाटत होती. संध्याकाळच्या उन्हात चाकावरची ती काळी फट बारीक झालेली बघून मलाही बरं वाटलं, आणि या बरं वाटण्याला रोल सेंटरचा काही आधार नव्हता. माणसं घराला उंबऱ्याशी रांगोळी काढतात, लग्नात भरजरी शेला पांघरतात, तेव्हा कुणी त्यातून उष्णतारोधनाचा लाभ सांगत नाही. मोटारीलाच तेवढा का जाब विचारायचा, हे मला कळत नाही. यंत्र आहे म्हणून त्याच्यावरचं प्रेमही अश्वशक्तीत मोजून दाखवावं लागतं की काय?

जुन्या स्प्रिंगा टाकायच्या नसतात. गाडी विकताना त्या परत घालाव्या लागतात, घेणारा सहसा तीन बोटांचा माणूस असतो. त्यामुळे त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ताईच्या माळ्यावर चढल्या, आणि सोळा इंची चाकं पलंगाखाली गेली. दिवाळीची सफाई काढली तेव्हा पहिलं पुडकं तिच्याच हाताला लागलं. तिनं ते सोडलं, स्प्रिंग उलटसुलट करून बघितली, नखानं खरवडली.

"ही तर नवीकोरी आहे. खराब झाली नव्हती, तर काढली कशाला?"

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी माळ्याकडे बघितलं. गुरुत्वमध्य हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला.

"दिसायला गं आई. खाली बसली की छान दिसते."

"मग तसं सांगायचं ना," ताई म्हणाली. "मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते की मुलाच्या गाडीत काहीतरी बिघाड निघाला." आणि पुडकं पुन्हा बांधून तिनं ते माळ्यावर होतं त्याच्याहून मागे सरकवलं, कारण पुढची जागा तिला पितळी समया ठेवायला हवी होती.